नाव लॉकवर, कारागीर लाकडात

जुनी अमेरिकन लाँगरायफल कुणाच्या हाती लागली की एक सल्ला हमखास मिळतो. तो इतक्यांनी इतक्यांना पाठवलाय की आता नियम म्हणूनच वाचला जातो: "लॉकवर किंवा नळीवर नाव शोधा. सापडेल तो कारागीर. टोपीची असेल तर १८४० नंतरची. पॅचबॉक्सवर फूल असेल तर लँकेस्टरची. नाव नसेल तर माल किरकोळ, कर्ता कळणं अशक्य." (लॉक म्हणजे बार उडवणारी यंत्रणा; टोपी म्हणजे घोडा आपटला की पेटणारी स्फोटक भरलेली चिमुकली धातूची टोपी, जी पुढे चकमकीच्या जागी आली; लँकेस्टर हे पेनसिल्व्हेनियातलं गाव.) यातलं एकही वाक्य जसंच्या तसं टिकत नाही. आणि त्याच्या भरवशावर लोक खऱ्या कारागिराचं श्रेय भलत्यालाच देऊन टाकतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी वस्तू कोणती ते सांगतो. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या जर्मनभाषक कारागिरांनी ही रायफल घडवली. नळी अष्टकोनी, बहुधा ४२ ते ४६ इंच लांब, आतून पिळाचे आटे पाडलेली. मेपलच्या लाकडाचा दस्ता पार नळीच्या तोंडापर्यंत गेलेला. भरायची रीत कोकणातल्या ठासणीच्या बंदुकीसारखीच: तोंडातून दारू, मग गोळी, मग गज. फरक इतकाच, की इथे गोळी तेलकट कापडात गुंडाळायची, आणि ती कापडं ठेवायला दस्त्यात झाकणाची डबी. तीच पॅचबॉक्स.

आता लॉकवरच्या नावाकडे वळू. घोडा, चकमक, ठिणगी पाडणारा पोलादी पत्रा आणि स्प्रिंगा ज्या पट्टीवर बसतात ते लॉक. गावातला बंदूक-कारागीर ते बहुतेक वेळा विकतच आणायचा. बर्मिंगहॅमच्या केटलँड घराण्याची लॉक अमेरिकेत भरपूर आली आणि कितीतरी अमेरिकन रायफलींवर बसली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर 'गोल्चर' नावाची लॉक अशीच जिकडेतिकडे दिसतात. त्या नावावरून लॉक कुठून आलं ते कळतं, बाकीची रायफल कुणी घडवली ते कळत नाही. आपल्याकडच्या फिरंग तलवारीचंच बघा. पातं युरोपातलं, मूठ इथली. पात्यावरचा शिक्का वाचून मूठ बसवणाऱ्याचं नाव कोण सांगेल?

एका लिलावाआधीच्या मांडणीत मी अशीच एक रायफल पाहिली. खाली चिठ्ठी होती: 'केटलँड, इंग्लंड'. लॉक टोपीवर चालणारं होतं. पण पट्टी उजेडात तिरपी धरली तर तिच्यावर बुजवलेली भोकं दिसत होती, आजूबाजूच्या लोखंडापेक्षा जराशी वेगळ्या रंगाची, नखाला जेमतेम जाणवणारी. तिथे पूर्वी ठिणगीचा पत्रा आणि त्याची स्प्रिंग स्क्रूने बसवलेली होती. म्हणजे ही मुळात चकमकीची बंदूक. पुढे टोप्या आल्यावर गावातल्याच कुणीतरी पत्रा काढला, नळीच्या बत्तीच्या भोकात आटे पाडून एक ठोकळा बसवला आणि त्यावर टोपी चढवायची चोच लावली. असे बदल त्या काळी सर्रास झाले. त्यामुळे टोपी पाहून रायफलीचं वय ठरवणं म्हणजे घराला नवा रंग दिलेला पाहून घर नवं म्हणण्यासारखं आहे. उलटही होतं: जास्त किंमत यावी म्हणून टोपीची बंदूक पुन्हा चकमकीची केलेली असते. तेव्हा चकमक दिसली तरी हुरळून जाऊ नका.

नळीवरच्या नावाचा भरवसा जास्त, हे मी मान्य करतो. नळीचं बूड आणि मागची साइट यांच्यामधल्या वरच्या पैलूवर वळणदार अक्षरात हाताने कोरलेलं नाव असेल, तर ते बहुधा कारागिराचंच. पण ठोकलेला शिक्का असेल तर जपून. नळ्याही सुट्या विकत मिळायच्या. न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनहून रेमिंग्टनच्या शिक्क्याच्या नळ्या गावोगावी गेल्या आणि दस्ता तिसऱ्याच माणसाने चढवला. चांदीच्या पत्र्यावर कोरलेलं नाव तर पुष्कळदा मालकाचं असतं. शिवाय त्या काळच्या कोरणीत 'जे' हे अक्षर 'आय'सारखं काढत. ज्याला हे ठाऊक नाही तो नसलेल्या कारागिराच्या शोधात महिने घालवतो.

नाव नीट वाचता आलं तरी काम संपत नाही. ॲलनटाउनच्या मोल घराण्यात आजोबा, मुलगा आणि नातू तिघंही जॉन. लँकेस्टरचा जेकब डिकर्ट (१७४०–१८२२) इतका नावाजलेला होता की सीमेवरच्या वस्त्यांत 'डेकर्ड' हे त्याच्या घडणीच्या रायफलींचंच नाव होऊन बसलं. १७९२ मध्ये लष्करासाठी रायफली पुरवणाऱ्यांतही तो होता. इतकं काम एकटा माणूस कसं उरकणार? कोरलेलं नाव दुकानाचं, हात मात्र अनेकांचे, हे अशा वेळी लक्षात ठेवावं लागतं. आणि भिंग लावून कोरीव रेषेचा तळ पाहा. आजूबाजूचं लोखंड काळवंडलेलं आणि रेष मात्र आतून उजळ असेल, तर ते नाव कुणीतरी नंतर घातलंय.

फुलाचं थोडक्यात सांगतो. डेझीच्या फुलाची पॅचबॉक्स लँकेस्टरची खास ओळख, हे बरोबर. पण उमेदवारी संपवून शिकाऊ पोरं दुसऱ्या परगण्यांत गेली आणि नमुने त्यांच्याबरोबर गेले. काही पॅचबॉक्स तर मागाहून बसवलेल्या असतात. पितळ आणि लाकूड यांच्यामधली फट आणि न जुळणारे स्क्रू ते सांगून जातात.

राहिला बिननावाच्या रायफलीचा मुद्दा, आणि मला सगळ्यात खुपतो तो हाच. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या आधीच्या कित्येक उत्तम रायफलींवर नाव नाही. त्यांना किरकोळ म्हणणं हा अन्याय आहे. लॉक बाहेरून आलं, नळी विकतची असू शकते, पण मेपलच्या फळीतून दस्ता काढला तो कारागिराने स्वतः. दस्त्याच्या मनगटाची (चापामागच्या निमुळत्या भागाची) जाडी, दस्त्याच्या खालच्या रेषेचा उतार, गालाच्या टेकूमागचं कोरीवकाम, चापाभोवतीच्या पितळी कड्याचा बाक, गज आत शिरतो तिथली नक्षी: या सवयी हस्ताक्षरासारख्या असतात. पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावाजवळच्या ख्रिश्चन्स स्प्रिंग या मोरेव्हियन (एका ख्रिस्ती पंथाच्या) वस्तीतल्या ख्रिश्चन ओर्टरच्या १७७४ आणि १७७५ सालच्या सही केलेल्या रायफली उपलब्ध आहेत. त्या शेजारी ठेवून बिनसहीच्या रायफली ताडून पाहता येतात. त्याच्या आधी ते दुकान आंद्रेयास अल्ब्रेख्तकडे होतं. डॉइल्सटाउनच्या मर्सर संग्रहालयातल्या एडवर्ड मार्शल या पेनसिल्व्हेनियातल्या वसाहतकाराच्या प्रसिद्ध रायफलीशी अभ्यासक अल्ब्रेख्तचं नाव जोडतात, ते दस्त्याची घडण आणि कोरीवकाम पाहून. मग कर-याद्या, चर्चच्या नोंदी, मृत्यूनंतर केलेल्या हत्यारांच्या याद्या यांच्याशी मेळ घालायचा. कधी माणूस सापडतो, कधी फक्त परगणा. परगणा हेही खरं उत्तर आहे.

तुमच्याकडे अशी रायफल असेल तर आधी ती भरलेली नाही ना ते पाहा. गज नळीत अलगद सोडा, तोंडाशी खूण करा, बाहेर काढून नळीला लावून बघा. गजाचं टोक बत्तीच्या भोकापर्यंत पोचत नसेल तर आत काहीतरी आहे. हात लावू नका, जाणकाराला बोलवा. पितळ घासू नका, लाकडाला पॉलिश लावू नका. कोरणीच्या कडा गेल्या की पुरावाच गेला. फोटो काढाल तेव्हा एक सगळी रायफल बाजूने, एक गालाच्या टेकूचा आणि एक दस्त्याच्या तळाचा असू द्या. लोक लॉकचेच दहा फोटो पाठवतात.

त्या लिलावातल्या रायफलीचा तळ मी पाहिला होता. दस्त्याला खाली बाकदार उतार, पॅचबॉक्सचं टोक बाणासारखं, आणि तळाच्या लाकडात कोरलेला अंगठ्याएवढा मानवी चेहरा. हा सगळा ऐवज पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय खोऱ्यातला. चिठ्ठीवर 'लॉक केटलँडचं, रायफल लीहाय खोऱ्यातली, कारागीर अज्ञात' एवढंच लिहायला हवं होतं.