आयलंडमधला एस

मराठीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद उच्चारात उरलेला नाही, तेव्हा एकच वेलांटी आणि एकच उकार ठेवून मुलांचा त्रास वाचवावा, असे म्हणणारे मायदेशी पुष्कळ आहेत, आणि इंग्लंडला येण्यापूर्वी मीही त्यांच्यातलाच होतो.

माझे मत बदलले ते मुलीच्या एका प्रश्नामुळे. इथे पहिल्या इयत्तेत अक्षरांचे ध्वनी जुळवून वाचायला शिकवतात. त्या वर्षीच्या चाचणीत ४० शब्द असतात आणि मूल पाठांतराने तर वाचत नाही ना, हे कळावे म्हणून त्यांतले २० मुद्दाम निरर्थक ठेवलेले असतात. त्याच वर्षी या पद्धतीत न बसणाऱ्या शब्दांची यादीही शिकावी लागते. तीतला 'म्हणाला' या अर्थाचा 'सेड' मुलीने एस-ए-आय-डी ऐवजी एस-ई-डी असा लिहिला. मी तो खोडायला लावला, तेव्हा तिने विचारले, "बाबा, यात ए आणि आय कुठे ऐकू येतात?"

आज ते ऐकू येत नाहीत. वेस्टमिन्स्टरला विल्यम कॅक्स्टनचा, म्हणजे इंग्लंडमधला पहिला, छापखाना १४७६ साली निघाला, आणि पुढे छापील लेखन पक्के होत गेले त्याच काळात बोलण्यातले स्वर बदलत राहिले. सरदार या अर्थाच्या 'नाइट'मधला के एके काळी खरोखर उच्चारला जाई.

लेखन उच्चाराप्रमाणे करण्याचे विधेयक १९४९ साली ब्रिटिश संसदेत आले आणि ८४ विरुद्ध ८७ मतांनी पडले. ते पडले हे बरे झाले, असे मला आता वाटते. 'कार'मधला शेवटचा आर लंडनमध्ये बहुतेकांच्या तोंडी नसतो, स्कॉटलंडमध्ये तो ठसठशीत ऐकू येतो. मग कोणाचा उच्चार प्रमाण मानायचा? मराठीत १९६२ च्या नियमांनी 'नांव'चे 'नाव' झाले आणि ते टिकले, कारण साहित्य महामंडळाचे नियम शासनाने स्वीकारले व पाठ्यपुस्तके तशी निघाली. इंग्रजीला असा एक धनी नाही.

म्हणून प्रत्येक मुके अक्षर जपावे, असे मात्र नाही. 'साइन'मधला जी 'सिग्नल'शी असलेले नाते दाखवतो, आपल्याकडे 'दिन' आणि 'दीन' यांतला भेद वेलांटीच सांगते. अशी खूण वाचणाऱ्याच्या उपयोगी पडते, ती राहावी. 'आयलंड'मधला एस निव्वळ गैरसमजातून आला. शब्द जुन्या इंग्रजीतला, पण लॅटिन मुळाच्या 'आइल'शी त्याचा संबंध जोडून सोळाव्या शतकात तो एस त्यात घुसवला गेला. तो काढल्याने कोणाचेही नुकसान होणार नाही.

मुलीला मी 'पे-पेड', 'ले-लेड', 'से-सेड' अशा जोड्या लिहून दाखवल्या, आणि त्यानंतर तो शब्द तिने चुकवला नाही. 'आयलंड' शिकायची वेळ येईल तेव्हा दाखवायला माझ्यापाशी अशी जोडी नाही.