गावात तेल लागल्यास घ्यावयाची काळजी

आपल्या शेतात तेल लागलेच, तर ही जमीन आजवर काय पिकवीत होती, हा विचार मनातून आधी काढून टाकावा. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात पिटहोल ओढ्याकाठी १८६५ च्या जानेवारीत तेल उसळले, तेव्हा शहाण्यांनी हेच केले. विहीर कोठे खोदावी यासाठी भूगर्भशास्त्र शिकत बसू नये. तेथील पहिल्या फ्रेझर विहिरीची जागा विच हेझल नावाच्या झुडपाच्या फांदीने दाखविली होती. (आपल्याकडे पाणाड्या आहेच.) कोरड्या गेलेल्या विहिरींचा जाब मात्र फांदीला विचारू नये.

मे महिन्यात तेथील होल्मडेन यांच्या शेतात पिटहोल गावासाठी भूखंड पाडले गेले आणि सप्टेंबरपर्यंत तेथे सुमारे १५,००० माणसे व ५० हून अधिक हॉटेले झाली. अशा वेळी गटारांचा विषय काढून कोणाच्या उत्साहावर विरजण घालू नये. तेल, शेण आणि पावसाचे पाणी यांचा चिखल रस्त्यावर गुडघाभर साचू द्यावा. त्यात राबणाऱ्या घोड्यांच्या अंगावरचे केस झडू लागले, तर ते प्रगतीचे लक्षण मानावे. लाकडी इमारती एकमेकींना खेटून बांधाव्यात, जवळच तेल साठवावे आणि १८६६ प्रमाणे आगी लागल्या की दैवाला बोल लावावा.

पिंपे वाहणाऱ्या गाडीवाल्यांना तोंडाला येईल तो दर मागू द्यावा. त्याला कंटाळून सॅम्युएल व्हॅन सिकल या तेलाच्या व्यापाऱ्याने १८६५ मध्येच दोन इंची नळ टाकून तेल सुमारे पाच मैलांवरच्या रेल्वेपर्यंत पोहोचविले. गाडीवाल्यांनी नळ उखडून पाहिले, हत्यारी पहारा बसला, आणि अखेर गाडीवालेच गेले. त्यांच्याच पैशावर चालणाऱ्या गुत्त्यांच्या मालकांनी या नळाचे स्वागत नेमके कोणत्या हिशेबाने करावे, याबद्दल आम्ही सल्ला देऊ शकत नाही.

भूखंड विकताना घाई करावी, घेताना मात्र अजिबात करू नये. १८६५ मध्ये ज्या जागेचा सौदा २० लाख डॉलरांचा झाल्याचे सांगतात, ती १८७८ मध्ये ४ डॉलर ३७ सेंटना गेली; म्हणजे तेरा वर्षे धीर धरणाऱ्याला ती जवळजवळ फुकटच पडली. आणि घर बांधताना खिळे फार घट्ट ठोकू नयेत, कारण तेल आटल्यावर पिटहोलकरांना आपली घरे फळीफळीने सोडवून प्लेझंटव्हिलसारख्या पुढच्या तेलगावी न्यावी लागली होती.