'फोर-बाय-फोर आहे, मग जा बिनधास्त' : हा सल्ला जिवावर बेतू शकतो

"गाडी फोर-बाय-फोर असेल तर उंच डोंगरातली कुठलीही वाट पार होते. चारही चाकं ओढतात, गाडी घसरत नाही, अडकत नाही. 'रस्ता बंद'ची पाटी साध्या गाड्यांसाठी असते." हा मजकूर सतत पुढे पाठवला जातो. तो खरा मानून कोणी निर्जन वाटेवर गाडी घालू नये, म्हणून हे उत्तर.

चारही चाकं ओढतात? नेहमीच नाही. साध्या डिफरन्शियलमध्ये (डाव्या-उजव्या चाकांत इंजिनाचा जोर वाटणारी गिअरची रचना) ज्या चाकाची पकड कमी, त्याच्यावरच जोडीदाराला मिळणारा जोर ठरतो. खडकाळ खाचेत पुढचं एक आणि मागचं विरुद्ध बाजूचं चाक उचललं गेलं की ती दोन हवेत गरगरतात आणि जमिनीवरची दोन ढिम्म राहतात. डिफ लॉक (दोन्ही चाकांना एकत्रच फिरायला लावणारी सोय) किंवा ट्रॅक्शन कंट्रोल (गरगरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा) नसेल तर प्रवास तिथेच थांबतो.

गाडी घसरत नाही, हे विधान सर्वांत घातक आहे. ब्रेक साध्या गाडीतही चारही चाकांना असतात. फोर-बाय-फोरमुळे गाडी जागची सहज हलते, पण थांबायचं अंतर त्याने कमी होत नाही. बर्फावर निघताना चाक जागच्या जागी गरगरलं नाही म्हणून पकड चांगली आहे असा भरवसा वाटतो आणि पहिल्याच उतरत्या वळणावर गाडी सरळ कड्याकडे जाऊ लागते. पकड देतो तो टायर: थंडीत कडक न होणाऱ्या रबराचा हिवाळी टायर, आणि टणक बर्फावर टायरला गुंडाळायची चेन. लांब उतारावर नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ते तापून लागेनासे होतात. उतार सुरू होण्याआधीच लो रेंज (कमी वेग, जास्त जोर देणारी गिअरची जोडणी) आणि पहिला गिअर टाका, क्लचवरून पाय काढा, इंजिनला गाडी धरू द्या. चढ अर्ध्यात सुटला तर गाडी वळवू नका, आडवी झालेली गाडी कलंडते. रिव्हर्स टाकून, आलात त्याच रेषेत सरळ मागे या. न्यूट्रल तर अजिबात नको.

अडकत नाही? अडकतेच, फक्त जास्त आत जाऊन. म्हणून दुसरी गाडी, फावडं, ओढण्याचा पट्टा आणि मोबाइलला रेंज नसताना चालणारं उपग्रह संपर्काचं साधन सोबत हवंच. ३००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के उरतो. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र) नसलेल्या इंजिनाची ताकदही जवळपास त्याच प्रमाणात घटते. शिवाय उन्हाने बर्फ वितळू लागला की ओढे फुगतात. सकाळी सहज ओलांडलेला ओढा दुपारनंतर परतीची वाट अडवू शकतो.

राहिली पाटी. भुसभुशीत चढावर फोर-बाय-फोर खरंच कामाला येते, हे मान्य. पण बर्फ वितळताना जमीन पाण्याने गच्च भरलेली असते. त्यात जड गाडी गेली की खोल चाकोऱ्या पडतात, पाणी त्यांतून वाहत माती नेतं, आणि वर्षातले थोडेच महिने वाढणारी तिथली झाडोरा-गवताची चादर भरून यायला दशकं लागू शकतात. ती बंदी तुमच्या गाडीलाही तितकीच लागू आहे.