‘एकदा पाप केलं की तारण गेलं’ : खुलासा

सोलापुरातल्या काही ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरतंय : ‘तारणानंतर पाप केलं की परतीची वाट नाही, इब्री ६:४-६ वाचा.’ तारण म्हणजे ख्रिस्ताद्वारे पापातून सुटका, आणि इब्री म्हणजे बायबलच्या नव्या करारातलं इब्री लोकांस पत्र. ते वाचा, पण सहाव्या वचनावर थांबू नका. ती वचनं एखाद्या चुकीबद्दल नाहीत, ख्रिस्तालाच पाठ दाखवण्याबद्दल आहेत. आणि नवव्या वचनात लेखक वाचकांना ‘प्रियजनहो’ म्हणत धीर देतो. येशूचा शिष्य पेत्र याने भीतीपोटी येशूला तीनदा नाकारलं, तरी योहानाच्या शुभवर्तमानात (योहान २१) येशूने आपली मेंढरं, म्हणजे अनुयायी, त्याच्याच हाती सोपवली.

तारण गमावता येतं का, यावर मात्र खरा मतभेद आहे. नेदरलँड्समधली रिफॉर्म्ड (प्रोटेस्टंट) चर्चची डॉर्टची सभा (१६१८-१९) म्हणते, देव आपल्यांना शेवटपर्यंत राखतो. आधार योहान १०:२८. प्रोटेस्टंटांतलेच मेथडिस्ट म्हणतात, विश्वास सोडला तर गमावता येतं, पण परतताही येतं. कॅथलिकांत गंभीर पापाने गेलेली देवाची कृपा पापनिवेदनाने, म्हणजे धर्मगुरूपुढे पाप कबूल करून, परत मिळते.