हॉटेल कसं दिसणार, हे ठरवायचं कोणी?

दक्षिण मुंबईत एखाद्या जुन्या इमारतीला खेटून उंच हॉटेल येणार अशी बातमी आली की आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, जुन्या वास्तूंबाबत महापालिकेला शिफारस करणारी हेरिटेज कमिटी म्हणजे नुसता खोडा. पाच-दहा जणांच्या आवडीनिवडीसाठी शहर का अडवून धरायचं? दुसऱ्याचं म्हणणं, तिकडे बघा, खिडकी बदलायची तरी परवानगी लागते, म्हणून ती शहरं तशी राहिली. मग कोणीतरी मला टॅग करतं, कारण 'तिकडे' म्हणजे स्कॉटलंडमधल्या एडिनबराला मी राहतो. माझं उत्तर दोन्ही तटांना रुचत नाही.

इथल्या कॅल्टन हिलच्या उतारावर ग्रीक देवळासारखी दिसणारी एका जुन्या शाळेची इमारत आहे. वास्तुविशारद थॉमस हॅमिल्टनने तिचा आराखडा केला, १८२९ मध्ये ती पूर्ण झाली. १९६८ मध्ये शाळा दुसरीकडे गेली. स्कॉटलंडची विधानसभा इथे भरवायची म्हणून आत सभागृहही तयार झालं, पण १९७९ च्या सार्वमतात पुरेसा पाठिंबा मिळाला नाही आणि त्या सभागृहात विधानसभा काही बसली नाही. इमारत महापालिकेची. महापालिकेनेच स्पर्धा घेऊन विकासक निवडला, त्याच्याशी करार केला. विकासकाने आलिशान हॉटेलचा आराखडा आणला: मधलं देऊळ तसंच ठेवायचं आणि दोन्ही बाजूंना खोल्यांचे नवे, उंच पंख जोडायचे. गावाने त्याला मिकी माऊसचे कान म्हणायला सुरुवात केली.

२०१५ च्या डिसेंबरमध्ये महापालिकेच्या नियोजन समितीने हा प्रस्ताव फेटाळला. विकासकाने खोल्या कमी करून, पंख थोडे खाली आणून दुसरा आणला, तोही २०१७ मध्ये फेटाळला. जागेची मालक महापालिका, करार केलेला महापालिकेने, आणि नाही म्हणणारीही महापालिकाच. विकासक अपिलात गेला, सार्वजनिक चौकशी झाली, आणि २०२० मध्ये स्कॉटिश सरकारनेही नकारच कायम केला. दरम्यान एका संगीत शाळेला तिथे नेण्याचा पर्यायी प्रस्ताव मंजूर झाला होता. आता तिथे राष्ट्रीय संगीत केंद्र करायचं ठरलं आहे.

इथवर ऐकून ग्रुपवरचा दुसरा तट टाळ्या वाजवतो. त्यांना मी २०१५ मधलीच, त्याच महापालिकेची दुसरी गोष्ट सांगतो. त्या शाळेपासून चालत काही मिनिटांवर सत्तरच्या दशकातलं काँक्रीटचं एक शॉपिंग सेंटर होतं. ते पाडून नवं उभारायचं आणि मधोमध हॉटेल, त्याला पोलादी पट्ट्यांचं वेटोळं, रिबन गुंडाळल्यासारखं. नियोजन अधिकाऱ्यांनी अहवालात शिफारस केली, नामंजूर करा. नगरसेवकांनी ती शिफारस बाजूला सारली आणि मंजुरी दिली. २०२३ च्या अखेरीला ते हॉटेल सुरू झालं. लोक त्याला काय म्हणतात ते लिहिताना जरा संकोच वाटतो; मोबाइलमध्ये ती तपकिरी, वेटोळ्यांची, हसरी आकृती असते ना, ती डोळ्यांसमोर आणा. १९९५ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या शहराच्या क्षितिजावर, चर्चच्या कळसांच्या रांगेत, ती आता कायमची बसली आहे.

तेव्हा लोकांना किंवा त्यांनी निवडून दिलेल्यांना विचारलं की इमारती सुंदर होतात, हा समज सोडून द्यावा. (आणि उलटंही आहेच. गेटवेजवळच्या १९०३ च्या ताजमहाल हॉटेलला लागून १९७३ मध्ये टॉवर उभा राहिला, तेव्हा मुंबईत हेरिटेजची नियमावलीच नव्हती. आज तो प्रस्ताव एडिनबराच्या समितीपुढे गेला असता तर त्याचं काय झालं असतं ते मी पैजेवर सांगतो. मला तो टॉवर आवडतो.)

मग इथे वेगळं आहे ते काय? आमच्या गल्लीच्या टोकाला जुनं ऑफिस पाडून छोटं हॉटेल बांधायचा प्रस्ताव आला तेव्हा महापालिकेचं पत्र घरी आलं. प्रस्तावित जागेच्या हद्दीपासून वीस मीटरच्या आत ज्यांची घरं, त्यांना असं पत्र जातं. त्यात अर्जाचा क्रमांक आणि हरकत नोंदवायची मुदत. क्रमांक संकेतस्थळावर टाकला की सगळी फाइल समोर: चारही बाजूंची एलिव्हेशन्स, म्हणजे त्या त्या बाजूने इमारत कशी दिसेल त्याची रेखाचित्रं, २१ मार्चला कुठल्या तासाला सावली कोणाच्या अंगणात पडेल याचे नकाशे, कचऱ्याचे डबे कुठे राहणार, मालाची गाडी कुठे लागणार, दर्शनी भागाला कुठला दगड. मी दोन हरकती घेतल्या. वरचा मजला करड्या पत्र्याचा दाखवला होता, तो रस्त्यावरून डोक्यावर आल्यासारखा वाटेल. आणि भटारखान्याचा धूर बाहेर टाकणारं धुराडं शेजारच्या बेडरूमच्या खिडक्यांसमोर येतंय.

अधिकाऱ्याचा अहवाल आला तेव्हा माझं म्हणणं त्यात होतं, प्रत्येकी एका वाक्यात, आणि त्याला दिलेलं उत्तरही. धुराडं हलवायला लावलं. वरचा मजला थोडा मागे घ्यायला लावला, पत्रा मात्र राहिला. शेजारच्या आजोबांची हरकत होती की त्यांच्या खिडकीतून किल्ला दिसतो तो दिसेनासा होईल आणि घराची किंमत उतरेल. ती 'नियोजनाशी संबंध नाही' म्हणून एका ओळीत निकालात. खाजगी घरातून दिसणारं दृश्य आणि घराची किंमत इथे विचारातच घेत नाहीत. आजोबांना हे तीनदा समजावलं, अजून पटलेलं नाही. मंजुरीला एक अट होती, ती मला फार आवडली: मुख्य काम सुरू करण्याआधी दर्शनी भिंतीचा एक तुकडा जागेवर बांधून दाखवायचा, खराखुरा दगड, खरा सांधा, आणि अधिकाऱ्याने बघून होकार दिल्यावरच पुढे. महिनाभर तो भिंतीचा तुकडा कुंपणाच्या आत एकटा उभा होता आणि येणारे-जाणारे त्याच्यावर मतं देत होते. हॉटेल आता पूर्ण झालं आहे. मला ते अजूनही बेंगरूळ वाटतं. पण ते तसं का आहे हे मी कागद दाखवून सांगू शकतो.

या पद्धतीतही खोट आहे, आणि ग्रुपवरच्या भाबड्या मंडळींना ती सांगायलाच हवी. परवानगी नाकारली तर विकासकाला अपील करता येतं. परवानगी दिली तर हरकतदाराला अपील नाही. त्याला कोर्टाचीच पायरी, आणि इथलं कोर्ट खिशाला परवडणारं नाही. जनहित याचिकेची वाट मुंबईकराला त्या मानाने बरीच मोकळी आहे. शिवाय हरकती घेतं कोण? ज्यांना वेळ आहे, घर स्वतःचं आहे आणि इंग्रजीत चार परिच्छेद लिहायची सवय आहे ते. त्याच गल्लीत भाड्याने राहून हॉटेलांमध्ये खोल्या साफ करणाऱ्या बायकांपैकी एकीचंही नाव त्या यादीत नव्हतं. आणि कॅल्टन हिलच्या भांडणात पाच वर्षं गेली, तोवर इमारतीचं छप्पर काही आपोआप दुरुस्त होत नव्हतं.

आता मुंबई. हेरिटेजची नियमावली आपल्याकडे १९९५ पासून आहे, तीही देशातल्या शहरांमध्ये सगळ्यात आधी. २०१८ मध्ये ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारती जागतिक वारसा यादीत गेल्या. १९९५ च्या त्या नियमावलीत एक कलम होतं: अपवादात्मक परिस्थितीत आयुक्त हेरिटेज कमिटीची शिफारस डावलू शकतात, पण त्याची कारणं लेखी नोंदवून. म्हणजे कारण लिहायचं हे आपल्यालाही सुचलं होतं. पुढे २००५ चा माहितीचा अधिकार आला. त्याच्या चौथ्या कलमात तर, निर्णयाचा ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना प्रशासनाने आपण होऊन कारणं द्यावीत असं म्हटलं आहे. प्रत्यक्षात कारण हवं असेल तर अर्ज करा, दहा रुपयांचा स्टॅम्प लावा आणि वाट बघा.

यातली विसंगती मला गमतीची वाटते. मुंबईत बिल्डरने नव्या प्रकल्पातले फ्लॅट विकायला काढले तर महारेराच्या, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियामकाच्या, संकेतस्थळावर मंजूर नकाशे टाकावे लागतात, कारण घेणाऱ्याची फसवणूक होऊ नये. हॉटेलच्या खोल्या कोणी विकत घेत नाही, त्यामुळे तिथे महारेराचा संबंध नाही. पन्नास वर्षं त्या इमारतीच्या सावलीत राहणाऱ्या शेजाऱ्याला दिसतं ते पत्र्याच्या कुंपणावरचं गुळगुळीत चित्र, ज्यात आभाळ कायम निळं असतं आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की हे चित्रकाराच्या कल्पनेतलं आहे.

म्हणून कमिटीत कोण बसलंय, त्यांना काच आवडते की मालाडचा दगड, यावर ग्रुपवर रात्र घालवण्यात मला रस नाही. कमिटी ठेवा किंवा मोडा, पण तिच्यापुढे गेलेले नकाशे त्याच दिवशी सगळ्यांना दिसू द्या. वीस मीटर नाही तर निदान समोरच्या आणि लागून असलेल्या सोसायटीला पत्र जाऊ द्या, आणि ते मराठीत असू द्या. एवढ्याने विकासकाचं काम काही पाच वर्षं रखडणार नाही.

यावर हमखास येणारं उत्तर, आपल्या लोकांना यात रस नसतो. २०१५ साली मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा लोकांपुढे ठेवला तेव्हा लोकांनी हजारो हरकती टाकल्या. आपल्या घरावरून काढलेला रस्ता, वारसा यादीतून गायब झालेली वास्तू, हे सगळं त्यांनी नकाशात बोट ठेवून दाखवलं, आणि त्या एप्रिलमध्ये राज्य सरकारला तो मसुदा रद्द करून नव्याने करायला सांगावं लागलं.