आठ बारचा गिझर

आमच्या बाथरूममधला शॉवर पाणी सोडत नाही, शिंपडतो. पूजेत गुरुजी फूल पाण्यात बुडवून देवावर उडवतात आणि 'स्नानं समर्पयामि' म्हणून मोकळे होतात. त्यात देवाची जेवढी आंघोळ होते, तेवढीच रोज सकाळी माझी व्हायची. देव तक्रार करत नाहीत. मी केली.

आम्ही पुण्यात चौथ्या मजल्यावर राहतो, म्हणजे आमच्या इमारतीत सगळ्यात वर. वारा, उजेड, डोक्यावर कुणाचा मिक्सर नाही, म्हणून फ्लॅट घेताना बिल्डरला मजल्यामागे जास्तीचे पैसे मोजले होते. शिवाय पाण्याची टाकी गच्चीवर, आमच्या माथ्यावरच. टाकी जवळ म्हणजे पाणी जोरात, हे माझं साधं गणित. धरणाशेजारच्या गावांनाच पाणी मिळत नाही, हे वर्षानुवर्षं पेपरात वाचूनही मी ते गणित पुन्हा तपासलं नव्हतं.

यंदा नरक चतुर्दशीला कडेलोट झाला. पहाटे साडेपाचला उटणं लावून उभा राहिलो. ते खांद्यावरून कोपरापर्यंत यायलाच दहा मिनिटं लागली. तळपायापर्यंत पोचायला कार्तिकी एकादशी उजाडली असती. शेवटी बायकोने दाराबाहेरून बादली आत सरकवली आणि म्हणाली, "अहो, तो गिझर बदला आता."

आमचा जुना गिझर ३ लिटरचा, इन्स्टंट. बटण दाबलं की गरम पाणी, असं त्याचं नाव सांगतं. प्रत्यक्षात ३ किलोवॅटचा तो जीव मिनिटाला ३ लिटर पाणी सोडलं तर फार तर १४ अंशांनी तापवतो. थंडीत तेवढ्याने हुडहुडी जात नाही. म्हणून नळ आणखी बारीक करायचा. पाणी कडक पाहिजे की भरपूर, एवढं एकच तुम्ही ठरवायचं. मेव्हण्याने गॅस गिझर सुचवला. पण त्याला पेटायलासुद्धा पाण्याचा थोडा जोर लागतो, आणि बंद बाथरूममध्ये तो लावला तर ना रंग ना वास असलेला विषारी वायू साचतो. आमच्या बाथरूमची खिडकी पोस्टाच्या पेटीएवढी. विषय तिथेच संपला.

दुकानातल्या मुलाला मी सरळ विचारलं, "प्रेशर कशात जास्त?" त्याने मला एका गुबगुबीत पांढऱ्या नळकांड्यासमोर उभं केलं. "हा घ्या काका. २५ लिटर, ५ स्टार. आठ बार प्रेशर." काका म्हटल्याचं वाईट वाटलं, पण आठ बार ऐकून ते विसरलो. १ बार म्हणजे किती हेही मला माहीत नव्हतं. पण ८ होते ना! घरी येईपर्यंत रिक्षात मी मनातल्या मनात भिंतीला टेकून, रेलिंग धरून आंघोळ करत होतो.

बसवायला आलेल्या प्लंबरला मोठ्या रुबाबात सांगितलं, "आठ बारचा आहे, जरा जपून." त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"साहेब, आठ बार ते गिझरचं नाही, पाण्याचं. पंचवीस मजली बिल्डिंगच्या वरून दाब आला तरी ही टाकी फुटणार नाही, एवढाच अर्थ. गिझर प्रेशर देत नाही. प्रेशर सोसतो."

म्हणजे वीस किलो मावणारी रिकामी पिशवी विकत घेऊन मी घरी येईपर्यंत तांदळाची वाट बघत होतो.

पुढचा अर्धा तास त्याने माझी शिकवणी घेतली. १० मीटर उंचीवरून पाणी उतरलं की साधारण १ बार दाब होतो. मग टेप काढून त्याने मोजलं. गच्चीवरच्या टाकीच्या तळापासून माझ्या शॉवरपर्यंत जेमतेम सात फूट. म्हणजे ०.२ बार. तळमजल्याला आणखी चार मजल्यांची उंची मिळते, तिथे १.४. सातपट! आणि तळमजल्यावरच्या काकांचा फ्लॅट सगळ्यात स्वस्तात गेला होता. मी खास खाली जाऊन खात्री केली. काका म्हणाले, "कसलं प्रेशर हो, टकलावर सुया टोचतात. कमी करायचं काही असतं का?" मी चहा न घेता वर आलो.

गच्चीवर प्रेशर पंप बसवायचा विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडून पाहिला. नळ सोडला की पंप आपोआप सुरू होतो, एवढं सांगेपर्यंत खजिनदार म्हणाले, "म्हणजे तुम्ही रात्री दोनला उठलात की सगळ्या इमारतीला कळणार." त्यात भिंतीतले जुने लोखंडी पाइप गंजलेले, नवा जोर आला तर कुठे फुटतील याचा नेम नाही. ठराव बारगळला.

प्लंबर मात्र चिकट निघाला. अँगल कॉक बंद करून त्याने गिझरच्या पाइपातली जाळी काढली, ती वाळूने बुजलेली. शॉवरच्या भोकांत टँकरच्या पाण्याचे क्षार दगडासारखे बसलेले. व्हिनेगर भरलेली पिशवी शॉवरच्या तोंडाला रबराने बांधून त्याने ती रात्रभर लटकत ठेवायला सांगितली. आयसीयूतल्या पेशंटसारखा दिसत होता तो. सकाळी धुगधुगी आली खरी, पण ०.२ ते ०.२च.

मग त्याने शेवटचा उपाय सांगितला. "टाकी वर जात नाही ना? मग शॉवर खाली घेऊ."

हसू नका. शॉवर चार फूट खाली आला की सात फुटांचे अकरा होतात, आणि एक पैसा न वाढवता दाब दीडपटीहून जास्त. महागड्या आठ बारांनी जे केलं नाही, ते चार फुटांनी केलं. आता माझा शॉवर जमिनीपासून तीन फुटांवर आहे. त्याच्याखाली प्लॅस्टिकचं स्टूल टाकून मी बसतो, आणि पाणी खरोखर धार धरून येतं. माझी आई हे बघायला मुद्दाम गावाहून आली. न्हाणीघरात तांब्याच्या बंबासमोर पाट टाकून तिने आमची पिढी न्हाऊ घातली आहे. दारात उभी राहून तिने स्टूल बघितलं, शॉवर बघितला. "बसूनच न्हायचं होतं, तर तांब्या काय चावत होता रे?"

पाहुण्यांनी विचारलं की हा एवढा खाली शॉवर लहान मुलांसाठी का, तर मी हो म्हणतो. आमचा एकुलता एक मुलगा सहा फूट उंच आहे.