आरपी पार्टनर मिळत नाही? मग जागचे हलूच नका

टेक्स्ट गेममध्ये, म्हणजे जिथे लोक ऑनलाइन येऊन आपापल्या पात्राच्या वतीने लिहून खेळतात तिथे, रोलप्लेला (आरपीला) कोणी मिळत नाही म्हणता ना, मग पहिलं काम म्हणजे लॉगिन झालं की सरळ आपल्या पात्राच्या खासगी खोलीत जाऊन बसायचं, दार लावून. बाहेर गुत्त्यात नाहीतर बंदरावर लोक सीन करतायत? करू देत, आपण काय रिकामटेकडे आहोत उठून जायला. ‘हू’ टाइप करून कोण ऑनलाइन आहे ते मात्र बघत राहायचं आणि ओओसी चॅनलवर, म्हणजे पात्र सोडून गप्पा मारायच्या जागी, अधूनमधून टाकायचं, ‘गेम मेलाय, हल्ली कोणी आरपीच करत नाही.’ मड, म्हणजे हेच टेक्स्ट गेम, १९७८ पासून आहेत आणि तेव्हापासून मरतायतच, त्यामुळे हे वाक्य कधी चुकत नाही.

चुकून कोणी दार वाजवलंच तर आधी पात्राचा इतिहास वाचायला द्या. आईबाप लहानपणी मारले गेले, अंगात अर्धं रक्त ड्रॅगनचं, डोळे मूडप्रमाणे रंग बदलतात वगैरे. मग तो बिचारा लिहील, ‘भिजलेला झगा झटकत बाकावर बसतो, विचारतो, नदीपलीकडचा पूल अजून उभा आहे का?’ आता यात पूल आहे, नदी आहे, पाऊस आहे, धरायला तीन दोऱ्या दिल्यात त्याने. तुम्ही लिहायचं, ‘हसतो.’ बास. पुढचं त्याने बघावं.

गोव्यात पेडण्याकडे जत्रेला दशावतार बघितला असेल तुम्ही. लिहिलेले संवाद नसतात, राजा काहीतरी बोलतो आणि राक्षस त्यावरच तिथल्या तिथे उत्तर देतो, असं पहाटेपर्यंत चालतं. पण त्यासाठी समोरच्याचं ऐकावं लागतं, कोण करणार ते! त्यापेक्षा आपल्याच पोझमध्ये (आपलं पात्र काय करतं ते लिहितो ना, त्यात) त्याची तलवार पाडा, त्याला गुडघ्यावर आणा, वर त्याला आपल्या प्रेमातही पाडून टाका, त्याचे कष्ट वाचतात.

वेळेचं तर विचारूच नका कोणाला. न्यूयॉर्कला रात्रीचे दहा म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळचे साडेसात, पोदेर पाव घेऊन दारात, तेवढ्यात सीन अर्धवट टाकून गायब व्हायचं आणि मग सांगायचं लाईट गेली. पावसाळ्यात हे कोणालाही पटतं, फेब्रुवारीत जरा विचार करून सांगा.

नवख्यांना उत्तर द्यायचं नाही, त्यांचं स्पेलिंग चुकतं (खरं तर जुन्या खोडांपेक्षा त्यांच्याच पोझ जास्त जिवंत असतात, पण ते जाऊ दे). कोणी पेज केलंच, म्हणजे खासगी निरोप पाठवलाच, ‘सीन करूया का?’, तर आठवडाभराने लिहा, ‘सॉरी, आयडल होतो, लॉगिन होतं पण मी जागेवर नव्हतो.’ तोवर तो दुसऱ्या कोणाबरोबर रमला असेल तर ती उघड गटबाजी आहे, स्टाफकडे तक्रार करायची, लॉग (सीनमध्ये कोणी काय लिहिलं त्याची नोंद) जोडून. लॉगमध्ये तुमचं ‘हसतो’ एवढंच असेल, तरी जोडा.